पंखा बंद करून घेतलेला कौल

आमच्या घरी गावचा देव टीव्हीवर यायचा. मालिकेतला नव्हे, आमच्या सिंधुदुर्गातल्या गावचा खराखुरा ग्रामदेव, काळ्या पाषाणाचा, चांदीचे डोळे लावलेला. गावात राहणारे धाकटे काका रविवारी सकाळी मोबाईल घेऊन देवळात जायचे आणि व्हिडिओ कॉल लावायचे. दादा तो कॉल मुलुंडच्या आमच्या हॉलमधल्या त्रेचाळीस इंची टीव्हीवर घ्यायचा, आई टीव्हीसमोर निरांजन ठेवायची. मग बाबा उठून पंखा बंद करायचे.

पंख्याचं मी कुणाला सांगितलं तर लोकांना वाटतं मी रंगवून सांगतेय. कौल म्हणजे काय, तर गुरव देवाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो आणि सगळे टक लावून बसतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. वाऱ्याने पडू नये म्हणून देवळाची दारं लोटून घेतात, तेही ठीक आहे. पण पाकळ्या पाचशे किलोमीटरवर आणि पंखा बंद मुलुंडला! मी एकदा विचारलं, "बाबा, आपल्या पंख्याचा वारा गावापर्यंत जातो का हो?" बाबा म्हणाले, "गप बस. नेम तो नेम." आणि आम्ही चौघं मे महिन्यातसुद्धा त्या वन बीएचकेच्या हॉलमध्ये घाम पुसत टीव्हीला हात जोडून बसायचो. घाम, कापूर आणि तुपाची वात यांचा मिळून एक वास व्हायचा. अजूनही कापराचा वास आला की मला मळमळतं.

आजोबा गिरणीत होते तेव्हा पोस्टकार्ड टाकून कौल मागवायचे. गावाहून उत्तर यायला पंधरा दिवस लागायचे, तोवर माणसं थांबायची. पुढे फोन आले, मग व्हिडिओ. तीन पिढ्यांत आमच्या घराची प्रगती झाली ती एवढीच, की देवाचा नकार आता लगेच मिळतो. बाल्कनीला ग्रिल बसवायची का? विचारा. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं का? विचारा. बोरिवलीला मोठी जागा मिळतेय, जायचं का? डावा. राहा इथेच. एकदा कौल चालू असताना टीव्हीवर देवाच्या कपाळावरच पिझ्झ्याच्या सवलतीची पट्टी झळकली आणि आईने घाईघाईने कानशिलावर बोटं मोडली.

देवाबद्दल माझी तक्रार नव्हती. देव बिचारा दगडाचा होता, कुणी काय चिकटवलं याला तो जबाबदार नव्हता. किळस यायची ती माणसांची. प्रश्न काका ठरवायचे आणि काकांना आधीच माहीत असायचं की बाबांना काय ऐकायचंय. नको ते उत्तर आलं की "देवाक नीट इचारूक नाय" म्हणून पुन्हा पाकळ्या लागायच्या. जमिनीवर पडलेली तीच पाकळी उचलून, पाण्यात बुडवून परत चिकटवलेली मी डोळ्यांनी बघितलीय. हवं ते आलं की मात्र एकदाच विचारलेलं पुरायचं. हे सगळ्यांना दिसायचं आणि सगळे एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणायचे. माझी आई, जी भाजीवाल्याकडून एक वाकडी भेंडी घेत नाही, तीसुद्धा.

दादाचं लग्न असंच मोडलं. अंधेरीच्या त्याच्या ऑफिसात एक मुलगी होती, घाटकोपरला राहणारी. चार वर्षं त्यांचं चाललं होतं. मला ती आवडायची, खळखळून हसायची. पण ती आमच्यातली नव्हती, म्हणून तिचाही कौल लागला. त्या दिवशी अर्धा तास एकही पाकळी पडेना. काका कुजबुजले, "देव इचार करता हा." दादा मांडी घालून, हात जोडून, घामाने निथळत बसला होता. तीस वर्षांचा बाप्या! शेवटी डावी पडली. दादा उठला, बेसिनवर तोंड धुतलं आणि पुढच्या शनिवारी पवईच्या तलावावर भेटून तिला सांगून आला. मी त्याला तोंडावर शेळपट म्हटलं.

"तू देवाला घाबरतोस की बाबांना, ते तरी सांग रे," मी म्हटलं.

"तुझ्यावर येईल ना, तेव्हा बघू," तो म्हणाला आणि मोबाईलमध्ये डोकं घातलं.

मला त्याची इतकी चीड आली होती की आठवडाभर मी त्याला ताट वाढलं नाही. माझ्यावर आलं तर मी काय करीन हे मला पक्कं माहीत होतं. निदान तसं मी सगळीकडे सांगत सुटले होते.

आणि वर्षभरात माझ्यावर आलं. मी तेव्हा बावीसची होते. बी.एस्सी. झाल्यावर मुलुंडमध्येच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागले होते, म्हणजे सकाळपासून लोकांच्या लघवीच्या आणि थुंकीच्या डब्या उघडायच्या. त्याचं मला काही वाटायचं नाही. मला बुरशी आवडायची. शिळ्या पावावरची, चपलेच्या पट्ट्यावरची, पावसाळ्यात आमच्या मोरीच्या भिंतीवर धरणारी. काचेखाली धरली की तिच्यात केवढी नक्षी असते ते बघून मी हरखून जायचे. कॉलेजातल्या बाईंनी जबरदस्तीने मला एक परीक्षा द्यायला लावली आणि बंगलोरच्या एका संस्थेत बुरशीवर दोन वर्षांच्या अभ्यासासाठी माझं नाव लागलं. आमच्या वर्गातून एकटीचं. राहायला हॉस्टेल. येते की नाही ते सोमवारपर्यंत कळवायचं होतं. त्या यादीत माझ्यामागे लोक रांगेत होते, त्यामुळे सोमवार म्हणजे सोमवार.

बाबांनी पत्र चष्मा लावून दोनदा वाचलं. "बरा असा," म्हणाले, "रविवारी देवाक इचारूया."

मी घर डोक्यावर घेतलं. म्हटलं, डावा आला तरी मी जाणार, उलटा आला तरी जाणार, देव स्वतः मुलुंड स्टेशनवर आडवा झाला तरी ओलांडून जाणार. मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकलं, 'आमच्याकडे संडेला टीव्हीवर देव येतोय, माझं करिअर ठरवायला. मी जाणारच आहे, यार.' खाली हसणाऱ्या तोंडांची ओळ लागली. एकीने लिहिलं, 'तू आमची वाघीण.' मी ते तीन-चारदा उघडून वाचलं.

त्या आठवड्यात आणखी एक गोष्ट चालू होती, ती मी ग्रुपवर टाकली नाही. मी तोवर एकही रात्र घराबाहेर झोपले नव्हते. गावाला गेले तर सगळे असायचे, कॉलेजची सहल एका दिवसाची असायची. माझी शाळा मराठी माध्यमाची. लॅबमध्ये इंग्रजीत रिपोर्ट लिहायचे तो भाग वेगळा, पण बोलायची वेळ आली की माझी जीभ टाळ्याला चिकटायची. संस्थेकडून एका मुलीचा फोन आला होता, हॉस्टेलच्या खोलीबद्दल विचारायला. ती फाडफाड बोलत होती आणि मी फक्त "येस, येस" करत होते. फोन ठेवल्यावर बघते तर कुर्त्याची पाठ भिजली होती. तिकडे सगळे असेच बोलणार, माझ्या बुरशीबद्दल मलाच शिकवणार आणि मी कोपऱ्यात "येस, येस" करणार. हे चित्र मला दिवसातून दहादा दिसायचं. दिसलं की मी बाबांशी आणखी मोठ्याने भांडायचे.

आईने मात्र स्टेशन रोडवरून चाकांची बॅग आणली. कुलपाची. दोन नव्या चादरी आणि स्टीलचा डबा तिच्यात भरून बॅग पलंगाखाली सरकवली. मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "उजवो पडलो की गप ऱ्हवायचा. टाळी नको, रडा नको. तुझे बाबा परत इचारूया म्हणायच्या आधी मी पंखो लावतंय. एकदा पंखो लागलो की संपला." त्या घरातल्या कौलाची सगळी यंत्रणा आईला पाठ होती. इतकी वर्षं "व्हय म्हाराजा" म्हणता म्हणता ती कुठे फट आहे ते बघत बसली होती.

रविवार उजाडला. निरांजन लागलं, चपला बाहेर गेल्या, पंखा बंद झाला. टीव्हीवर आधी काकांचं नाक दिसलं, मग देव. गुरवाने पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही मुलुंडमधून ओरडलो.

"आज ह्या लेकरान तुज्या पायाकडे गाऱ्हाणा घातलेला आसा. ह्या चेडवाक शिकूक बंगलोराक धाडूचा असात, तर उजवो कौल दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

एक मिनिटसुद्धा लागलं नाही. उजवी पाकळी अशी पडली, की जणू तिला घाईच झाली होती.

दादा माझ्याकडे बघत होता. आई गुडघ्यावर हात टेकून उठायला लागली, पंख्याच्या बटणाकडे निघाली. बाबा नुसते टीव्हीकडे बघत बसले होते. टीव्हीवर काका म्हणाले, "इलो गे उजवो! पेढे धाड!"

मला आनंद झाला नाही. सोमवारी मला खरंच 'येते' असं लिहावं लागणार होतं. मग खरंच जावं लागणार होतं. ती खोली, ती फाडफाड बोलणारी मुलगी, ते "येस, येस". बाबा नको म्हणणार, देव नको म्हणणार, मी तणतणणार, एवढंच मी आठवडाभर ठरवलं होतं. पुढचं काही ठरवलंच नव्हतं. आता माझ्या आणि बंगलोरच्या मधे कुणीच उभं नव्हतं.

"काका," मी म्हटलं, "परत एकदा विचारा ना. पक्कं करून घेऊ."

आईचा हात बटणावर पोचला होता. तो तिथेच राहिला.

"परत?" काका म्हणाले.

"हो. एवढ्या लांबचं आहे ना. खात्री केलेली बरी." माझा आवाज अगदी समंजस मुलीचा होता. बाबा कधी नव्हे ते गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. मी हात जोडले आणि डोळे मिटले. काय मागितलं ते मला ठाऊक आहे. त्या क्षणी त्या दगडावर माझ्याइतका विश्वास मुलुंडमध्ये कुणाचा नसेल.

दुसऱ्या वेळी वीस मिनिटं लागली. घाम पाठीवरून कमरेत उतरत होता. मग डावी पडली.

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हटलं. पंखा बाबांनी लावला.

आणि मी काय केलं? मी रडले. धाय मोकलून रडले. निरांजन उचलून आत नेऊन आदळलं. "तुमच्या देवाने माझी वाट लावली! तुम्हाला हेच पाहिजे होतं ना?" असं म्हणत खोलीत जाऊन दार लावून घेतलं. बाहेर बाबा दाराशी दोनदा येऊन उभे राहिले आणि परत गेले. दादाने मेसेज टाकला, 'सॉरी गं.' आईने पलंगाखालची बॅग ओढली आणि स्टूल घेऊन माळ्यावर टाकली, त्याचा आवाज मला ऐकू आला. मला समजवायला ती आली नाही. दुपारी काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे होते. सुजलेल्या डोळ्यांनी मी बाहेर आले आणि पाच वडे खाल्ले. भूक कडकडून लागली होती. आठवडाभरात पहिल्यांदा अन्नाला चव आली.

सोमवारी मी मेल लिहिला, कौटुंबिक कारणांमुळे येऊ शकत नाही. व्याकरण तपासायला तीनदा वाचला. ग्रुपवर सगळं सांगितलं. म्हणजे पंखा सांगितला, टीव्ही सांगितला, डावी पाकळी सांगितली. उजवी सांगितली नाही. मैत्रिणी चवताळल्या. कुणी म्हणाली, किती घाणेरडे लोक आहेत. कुणी म्हणाली, पोलिसांत जा. मी लिहिलं, जाऊ दे गं, आपल्याकडे असंच असतं. ते लिहिताना मला बरं वाटत होतं, हे इथे सांगते, कारण त्याचीच मला आता सगळ्यात जास्त घाण वाटते.

पुढची नऊ वर्षं मी त्या डाव्या पाकळीवर काढली. त्याच लॅबमध्ये राहिले. बंगलोरचं नाव निघालं की मी बाबांना टोमणा मारायचे. नातेवाइकांत, जेवताना, सुनेसमोर. दादाचं पुढे काकांनी आणलेल्या स्थळाशी लग्न झालं होतं. बाबांनी कौल लावणंही कमी केलं, मग जवळजवळ बंदच केलं. गुडघ्याचं ऑपरेशन काहीही न विचारता करून आले. त्यावरही मी बोललेच. "स्वतःच्या गुडघ्याला देव लागत नाही वाटतं?" बाबा खाली मान घालून भात कालवत राहायचे. मला वाटायचं, अपराधी आहेत, बोलणार काय?

मागच्या महिन्यात जेवताना बातम्यांत बंगलोरचं काहीतरी लागलं आणि मी नेहमीप्रमाणे सुरुवात केली. "मीही असते आज तिकडे. पण आमच्या घरच्यांनी सोडलं कुठे!"

बाबांनी घास ताटात ठेवला. आवाज न चढवता म्हणाले, "उजवो इलो तेवाच माजा ठरला होता, तुका धाडूचा. दुसरो इचारूक तुका कोणी सांगल्यान?"

टीव्ही चालू होता. मी म्हटलं, "मग तेव्हा का नाही बोललात?"

"तुजी आवस म्हणाली, गप ऱ्हवा. पोरगी घाबारली हा, तिका तसा म्हणून दाखवू नकात." मग घास परत उचलला आणि जेवायला लागले. आईने माझ्या ताटात न विचारता आमटी वाढली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणजे त्या दिवसापासून दोघांना ठाऊक होतं. नऊ वर्षं मी त्यांना शिव्या घालत होते आणि ती दोघं माझी लाज सांभाळत बसली होती. मी ती आमटी संपवली. उठून जायची हिंमतही माझ्यात नव्हती.

वाटेल की त्यानंतर मी सुधारले. त्याच्या पुढच्या रविवारी बोरिवलीला एका चुलत बहिणीचा साखरपुडा होता. हॉलमध्ये मी आणि बाबा आईस्क्रीमचे कप घेऊन खुर्च्यांवर बसलो होतो. मुलाकडची एक कॉलेजातली पोरगी येऊन माझ्याशेजारी बसली. तिलाही सूक्ष्मजीवशास्त्र करायचं होतं, कुणीतरी तिला माझ्याकडे पाठवलं होतं. डोळ्यांत चमक होती. पाच मिनिटांत तिने मला बुरशीबद्दल इतके प्रश्न विचारले, की माझा आईस्क्रीमचा कप वितळून गेला.

"ताई, तुला इतकं माहितीये! मग तू पुढे का नाही शिकलीस?"

बाबा तिथेच होते, हातभर अंतरावर. खरं काय ते मला ठाऊक होतं, त्यांना ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक होतं. मी तोंड उघडलं.

"घरचे सोडत नव्हते गं," मी म्हटलं.

पोरीने बाबांकडे बघितलं. ती नजर माझ्या चांगली ओळखीची होती, नऊ वर्षं मीच ती वापरली होती.

बाबांनी चमचा कपात ठेवला. तिच्याकडे बघून ओशाळं हसले आणि म्हणाले, "होय गे. माकाच नको होता."

आणि मी त्यांना तसं म्हणू दिलं.